दुर्मीळ राहण्यात ग्रंथाचा कसला मान?

जुने मराठी ग्रंथ स्कॅन करून सर्वांना मोफत खुले करावेत की नाही, असा वाद निघाला की दोन ठरलेली वाक्यं कानावर येतात. एकीकडून येतं, "ज्ञान सगळ्यांचं आहे, टाका सगळं नेटवर." दुसरीकडून येतं, "शंभर वर्षं वाळवीपासून आम्ही जपलं, आता तुम्ही आयत्या बिळावर नागोबा होणार?" हे ग्रंथ सांभाळताना किती माणसं खपली याची पहिल्याला जाण नसते. आपण ते कोणासाठी सांभाळतोय याचा दुसऱ्याला विसर पडलेला असतो. मग बोलणं चोरी, फुकटेपणा, मक्तेदारी असल्या शब्दांवर घसरतं आणि ज्या पुस्तकासाठी एवढं भांडण चाललंय, ते कपाटात आणखी एक पावसाळा काढतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या ग्रंथावर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्याची पूर्ण, स्वच्छ आणि उतरवून घेता येईल अशी प्रत कोणालाही विनामूल्य मिळायलाच हवी. आणि तो ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेचा खर्च सरकारने आणि समाजाने उचलायला हवा. या दोन मागण्या मी एकत्रच करतो. पहिली करून दुसरीकडे पाठ फिरवणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि दुसरी पूर्ण होत नाही म्हणून पहिली अडवून धरणाऱ्यांशीही नाही.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात मी १८८०च्या दशकातल्या एका मराठी मासिकाचा बांधीव खंड मागितला. तिथल्या कर्मचाऱ्याने तो दोन्ही हातांवर तोलून आणला, काठोकाठ भरलेलं भांडं आणावं तसा. पुठ्ठा उघडला तर शिवण सुटलेली, पाठीचं कापड नुसतं नावाला उरलेलं. पहिलं पान उलटायला बोट लावलं आणि कोपरा बोटातच आला. तासाभराने उठलो तेव्हा टेबलावर तपकिरी भुगा पडला होता. त्यात नखाएवढा एक तुकडा होता आणि त्यावर 'णून' एवढीच अक्षरं होती. 'म्हणून' मधला 'म्ह' खंडात राहिला होता. पानांचे फोटो घेऊ का, असं विचारलं, तर नियमात बसत नाही असं उत्तर मिळालं. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याला जे सांगितलं होतं ते तो पाळत होता. त्याने हलक्या हाताने तो भुगा गोळा केला आणि टोपलीत टाकला. मी वाचलेला मजकूर माझ्या वाचण्यानेच थोडा कमी झाला होता. माझ्यानंतर येणारा आणखी थोडा कमी करील. ज्या नियमाने पुस्तक जपायचं, त्याच नियमाने ते वाचकागणिक झिजत असेल, तर तो नियम नक्की काय जपतो?

हे त्या एका खंडाचं दुर्दैव नव्हे, हा कागदाचा धर्म आहे. आपल्याकडे पोथी म्हटलं की ती नाजूक आणि छापील पुस्तक म्हटलं की ते टिकाऊ, असा समज आहे. खरं तर बऱ्याचदा उलटंच असतं. पेशवाईतलं एखादं मोडी पत्र हातात घेऊन बघा. जुन्नरी किंवा दौलताबादी, हाताने केलेला आणि घोटून गुळगुळीत केलेला तो कागद अडीचशे वर्षांनंतरही घडी घालू देतो, उलगडू देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पसरत गेला. त्यावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालत. त्या तुरटीने कागदात आम्ल तयार होतं आणि ते तंतू आतून तोडत राहतं. दमट हवेत हे काम आणखी वेगाने होतं. वाळवी आणि कसर बाहेरून येतात, त्यांच्यावर औषध मारता येतं. हे आम्ल मात्र पुस्तकाच्या जन्मापासूनच त्याच्या अंगात असतं. म्हणजे १७६० सालच्या पत्रापेक्षा १९०५ सालचं पुस्तक आधी संपण्याची शक्यता जास्त. 'आणखी दहा वर्षांनी बघू' हे उत्तर पोथीच्या बाबतीत एक वेळ चालेल. छापील पुस्तकाच्या बाबतीत ते नकारच आहे.

पुस्तक हरवलं म्हणजे नेमकं काय हरवतं? ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली छापलं गेलं. पुरुषांनी स्त्रियांवर लादलेल्या दोषांचा एका मराठी बाईने त्यात असा काही समाचार घेतला होता की आज वाचतानाही अंगावर काटा येतो. पण पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा मधे ९३ वर्षं गेली होती. या काळात मराठीत स्त्रीप्रश्नावर जे वाद झाले, त्यातले बहुतेक या बाईचा शब्दही कानावर न येता झाले. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने १८५५ साली लिहिलेला निबंध आज आपण अभिमानाने सांगतो. तो 'ज्ञानोदया'त छापला गेला आणि त्या नियतकालिकाचे जुने अंक कुठेतरी टिकले, म्हणून तो हाती आला. अंक टिकले नसते तर? जी माणसं समाजाच्या कडेला होती त्यांची पुस्तकं मोजकीच छापली गेली, त्यांना दुसऱ्या आवृत्त्या मिळाल्या नाहीत, मोठ्या वाड्यांच्या कपाटांत त्यांना जागा नव्हती. दुर्मीळ होण्याची पाळी आधी त्यांच्यावरच येते. म्हणून ग्रंथ खुले करण्याचा प्रश्न मला चार संशोधकांच्या सोयीपुरता वाटत नाही. मराठी समाजाला स्वतःचा किती भूतकाळ माहीत असणार, हे त्यावर ठरतं.

बंदिस्त ठेवूनच ग्रंथ टिकतो, हा युक्तिवाद मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच्या बाजूने आपल्याच भाषेत फार भक्कम दाखला आहे. महानुभावांनी आपलं वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवलं. ती पोथी परक्याच्या हाती पडली तरी त्याला ती वाचता येत नसे. या गुप्ततेने आणि मठांमधल्या निष्ठावंतांनी ते साहित्य शतकानुशतकं वाचवलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याची किंमत काय पडली तेही बघा. तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र', चक्रधरांच्या आठवणींचं ते जिवंत, बोलतं गद्य, विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊकच नव्हतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे, वाङ्मयाचे इतिहासकार वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या काळात त्या लिप्यांची किल्ली बाहेर आली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने लिहावी लागली. सातशे वर्षांपूर्वी असं सहज, गप्पा माराव्यात तसं गद्य मराठीत लिहिलं जात होतं, हे ठाऊक नसताना आपल्या किती पिढ्यांनी 'मराठी गद्य इंग्रजी अमदानीत जन्मलं' असं मानलं असेल! ग्रंथ टिकला, पण त्या काळात तो भाषेच्या उपयोगी पडला नाही. आणि महानुभावांना निदान खरी भीती होती. आजच्या कुलपामागे तशी कोणती भीती आहे?

संस्थांच्या बाजूचं सगळ्यांत वजनदार म्हणणं श्रमांचं आहे, आणि ते खरं आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली तो छापला तो बराच फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली गोडसे भटजींचा मूळ मजकूर छापता आला. मंडळाने ते बाड सांभाळलं नसतं तर १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या त्या कोकणस्थ भिक्षुकाचा खरा आवाज आपण कधीच ऐकला नसता. अशा संस्था वर्गणीदारांवर, तुटपुंज्या अनुदानावर आणि पदरमोड करणाऱ्या माणसांवर चालत आल्या आहेत. स्कॅनिंग हेही फुकट होणारं काम नाही. जुनं पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर दाबून चालत नाही. त्याला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडं ठेवावं लागतं, वरून दोन कॅमेरे दोन पानं टिपतात, मऊ ब्रशने धूळ झाडावी लागते आणि एक माणूस दिवसभर न कंटाळता एकेक पान उलटत बसतो. त्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न 'सगळं खुलं करा' म्हणणाऱ्यांनी टाळता कामा नये. माझं उत्तर सरळ आहे: सार्वजनिक पैशातून, जसा रस्ता बांधतात तसा. पण वाचकाकडून पानामागे दाम घेऊन हा खर्च कधीच निघायचा नाही. दुर्मीळ ग्रंथाचे वाचक मुळात मूठभर; त्यांच्याकडून मिळणाऱ्या किरकोळ रकमेसाठी उरलेल्या सगळ्यांना दाराबाहेर ठेवायचं, यात संस्थेचंही भलं नाही. आपल्याकडे काय आहे हे लोकांना दिसलंच नाही, तर देणगी द्यायला कोण पुढे येणार?

कागद बंद ठेवल्याने काय होतं, याचा धडा आपण एकदा गिरवला आहे. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढची अनेक दशकं एतद्देशीय अभ्यासकांना ते जवळजवळ बंदच राहिलं. मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर मराठ्यांचे सरकारी कागद बघायची सोय नाही! राजवाडे गावोगाव वणवण करत घराघरांतले कागद मिळवत फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड त्या पायपिटीतून उभे राहिले. पुढे गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरकारने छापले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास एकदम वेगळ्या पातळीवर गेला. रुमालांत बांधलेल्या अफाट संग्रहाचा तो थोडासा अंश होता. ज्यांनी राजवाड्यांचा वारसा सांगत संस्था चालवल्या, त्यांनी परक्या सरकारचाच नियम आपल्या कपाटांना लावावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या वादात सगळ्यांत जास्त गोंधळ हक्काचा आहे. पुस्तकाची प्रत संस्थेच्या मालकीची असते. मजकुराचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क टिकतो, मग संपतो. रियासतकार सरदेसाई १९५९ साली वारले; त्यांचं लेखन १ जानेवारी २०२० पासून सर्वांचं झालं. राजवाडे, ज्ञानकोशकार केतकर तर कधीचेच मोकळे झालेत. कपाट माझं म्हणून त्यातला १८८२चा मजकूरही माझा, हे कायद्यात बसत नाही. त्याच न्यायाने, हक्क जिवंत असलेल्या लेखकांची पुस्तकं पीडीएफ करून वाटणं ही उघड चोरी आहे, आणि 'ज्ञानप्रसार' म्हणून तिची पाठराखण करणारे जुन्या ग्रंथांच्या मागणीचंच नुकसान करतात. खरी अडचण मधल्या पुस्तकांची आहे. लेखक कधी वारला ठाऊक नाही, वारस सापडत नाहीत, प्रकाशनसंस्था बुडाली. तिथेही कायद्याने वाट ठेवली आहे. २०१२च्या दुरुस्तीपासून, ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. म्हणजे आज लोकांसमोर ठेवता येत नसेल तरी आज स्कॅन करून ठेवायला कोणी अडवलेलं नाही.

खुली प्रत कोणीही घेईल, छापील पुस्तक काढेल आणि ऑनलाइन दुकानात भरमसाट किमतीला विकेल, अशी तक्रार असते. हे घडतं, आणि संस्थेचं साधं नावही न घेता घडतं तेव्हा संताप येतो. पण असा धंदा चालतो तो फुकट प्रत असल्याचं गिऱ्हाइकाला माहीत नसतं म्हणून. ती प्रत चटकन सापडली की त्याला कोण विचारतो? त्यामुळे या दुखण्याचं औषध प्रत लपवण्यात नाही, तिची नोंद नीट करण्यात आहे.

त्याहून गंभीर भीती महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी 'जुन्या ग्रंथात काय काय लिहिलंय ते लोकांसमोर नकोच' असं म्हटलं तर मी त्यांना भित्रं म्हणणार नाही. जुन्या पुस्तकांत जातींविषयी, स्त्रियांविषयी, वंद्य पुरुषांविषयी असा मजकूर आहे की त्याचं अर्धं पान मोबाइलवर फिरलं तरी गाव पेटेल. पण ते अर्धं पान फिरणं थांबलंय का? बखरीच्या नावावर मनाने रचलेले उतारे रोज फिरतात आणि ते खोटे आहेत हे दाखवायला मूळ पान कोणाजवळच नसतं. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशी? निरनिराळ्या प्रती मिळवून, ताडून. पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवण्यासारखं होईल, असंही त्यांनी बजावून ठेवलं. नरोटी ओळखायची तर आधी ताट सगळ्यांसमोर असायला हवं. आणि २००४चा दुसरा अर्थही विसरू नये. एकाच छपराखाली एकच प्रत असेल, तर जमाव, आग किंवा नदीचं पाणी, कशालाही एक दुपार पुरते.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो: स्कॅन झालं की मूळ पुस्तक अडगळ ठरेल. हे दुसरीकडे घडलेलं आहे. अमेरिकेत विसाव्या शतकात ग्रंथालयांनी जुन्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म केल्या आणि मूळ अंक विकले किंवा टाकून दिले. नंतर कळलं की काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंगीत पुरवण्या उरल्याच नाहीत, काही पानं वाचता येत नाहीत, काही टिपलीच गेली नाहीत. आपल्याकडे याची जोडगोष्ट आहे. राजवाड्यांनी ज्या जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरीची संहिता छापली, ती पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. अक्षराचं वळण, कागद, शाई पाहून तिचा काळ ठरवण्याची वाटच बंद झाली. त्या पोथीची छायाचित्रं असती तर तिच्या काळाविषयीचा वाद निम्म्यावर आला असता. पोथी असती तर तो मिटलाही असता. म्हणून स्कॅनसाठी पैसे देताना मूळ प्रत राखण्याची अट त्याच कागदावर लिहिलेली असावी.

आणि स्कॅन कसं नसावं, हेही अनुभवाने कळलं आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात देशभरातली लाखो पुस्तकं स्कॅन झाली. काम मोठं होतं, पण घाईचं. पानं गाळलेली, ओळींवर कोणाचा तरी अंगठा आलेला, मराठी शीर्षकं रोमन लिपीत अशी काही लिहिलेली की लेखकालासुद्धा आपलं पुस्तक शोधता येऊ नये. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी घडीचा नकाशा किंवा वंशावळ असते. ती उलगडायची तसदी न घेता घडीचाच फोटो काढलेला मी कितीदा पाहिला आहे! हक्कांच्या तक्रारींनंतर ते संकेतस्थळ बंद पडलं. पण तोवर त्यातली चार लाखांहून अधिक पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून ठेवली गेली होती, म्हणून ती आज वाचता येतात. 'वाचा, पण उतरवून घेऊ नका' अशा नमुन्याची संकेतस्थळं करणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. सर्व्हर हेही शेवटी एक कपाटच आहे.

राज्य मराठी विकास संस्थेने काही दुर्मीळ ग्रंथ मोफत ठेवले आहेत, विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश घरबसल्या उघडता येतो. म्हणजे हे आपल्याला जमतं. मोडीचं काम अवघड आहे. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाण संचात, जागा मिळाली, पण हाताने लिहिलेली मोडी वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि यंत्राने ती वाचून दाखवायला अजून वेळ लागेल. छापील ग्रंथांना मात्र थांबायचं कारण नाही. कामाची यादीही तयार आहे. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयं पालथी घालून १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली. काळे आणि बर्वे यांच्याबरोबर नियतकालिकांचीही केली. त्या सूचीतल्या प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने आखावेत: प्रत कुठे आहे, आणि सगळी पानं मोजून तिचं स्कॅन झालं का. तालुक्याच्या वाचनालयांनी, घरात आजोबांची पेटी असलेल्यांनी पहिला रकाना भरावा. दुसरा भरण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, आणि एकच प्रत उरलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. त्या मासिकाच्या खंडापुढचा पहिला रकाना मी आजच भरू शकतो. कपाट कितवं, खण कितवा, सगळं माझ्या वहीत टिपलेलं आहे. दुसरा रकाना रिकामा आहे, आणि मी पाहायला गेलो त्यानंतर त्या खंडाने आणखी सहा पावसाळे पाहिलेत.